लोखंडावरची रेघ

कुठल्याही गावाचा इतिहास सांगताना आपण राजे सांगतो, लढाया सांगतो, फार तर देवळं आणि दर्गे सांगतो. गावातल्या लोहाराचा इतिहास कुणी सांगत नाही. वास्तविक ज्या छिन्नीनं देऊळ घडलं ती छिन्नी त्याच्या ऐरणीवर घडली. ज्या नांगरानं राजाचा सारा पिकवला त्याचा फाळ त्यानंच ठोकून दिला. आज मला बोलायचं आहे ते या लोहाराच्या कामातल्या एकाच गोष्टीबद्दल. धातू कापण्याबद्दल. कारण गेल्या काही वर्षांत आपल्या खानदेशातल्या औद्योगिक वसाहतींत एक नवं यंत्र आलं आहे. त्याचं नाव सीएनसी प्लाझ्मा कटर. नाव परकं आणि अवघड आहे. काम मात्र लोहाराचंच आहे, लोखंडाचा पत्रा हव्या त्या आकारात कापायचं.

हे यंत्र चालताना पाहिलं तर माणूस थबकतो. एका मोठ्या जाळीच्या टेबलावर पत्रा अंथरलेला असतो. वर आडवी दांडी, दांडीवर एक नळी. बाजूला संगणक. मुलगा बटण दाबतो, नळीच्या टोकाशी निळीपांढरी ज्योत उमटते आणि नळी कुणीही हात न लावता पत्र्यावर रेघ ओढत जाते. रेघ पुरी झाली की तेवढा तुकडा खाली पडतो. कधी तो ट्रॉलीच्या हुकाची पट्टी असतो, कधी फाटकावर लावायचा मोर, तर कधी घराचं नाव. दहा मिलिमीटर जाडीची प्लेट कापायला पूर्वी दोन माणसांची सकाळ जायची. इथे चहा येईपर्यंत काम होतं.

पण हे सगळं एका दिवसात घडलेलं नाही. त्यामागे फार लांबचा रस्ता आहे आणि त्या रस्त्यावर आपली माणसंही आहेत.

आपल्या महाराष्ट्रात लोखंड किती जुनं? नागपूर जिल्ह्यात नैकुंड नावाचं गाव आहे. तिथल्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. इसवी सनापूर्वी सातशे वर्षांच्या आसपासची. तिथून जवळच माहुरझरीला शिळावर्तुळांखाली माणसांबरोबर पुरलेले घोडे सापडले आणि घोड्यांच्या डोक्यावर बांधायचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकारही. म्हणजे धातूचा पत्रा ठोकायचा, तो आकारात कापायचा आणि त्यानं सजवायचं, ही हौस विदर्भात अडीच हजार वर्षांपूर्वीही होती. यंत्र नवं असेल, हौस जुनी आहे.

आमच्या पहूरला चार रस्ते मिळतात. एक जळगावकडून येतो, एक पाचोऱ्याकडून, एक जामनेरला जातो आणि एक फर्दापूरवरून अजिंठ्याला. अजिंठ्याला जगभरातून लोक येतात ते चित्रं बघायला. कुणाला सवड असेल तर त्यानं २४ क्रमांकाच्या लेण्यातही जाऊन यावं. ते अपुरं राहिलेलं लेणं आहे. पुऱ्या झालेल्या लेण्यात कारागीर दिसत नाही, अपुऱ्या लेण्यात तो दिसतो. तिथल्या काळ्या दगडावर छिन्नीचे घाव तसेच राहिले आहेत. बेसॉल्ट म्हणजे आपला काळा फत्तर, त्याच्यावर छिन्नीची धार किती वेळ टिकणार? ती सारखी बोथट होणार आणि सारखी शेवून घ्यावी लागणार. म्हणजे जिथे पाथरवट होता तिथे भाता आणि ऐरण घेऊन लोहारही बसलेला असणारच. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून इसवी सनाच्या पाचव्या शतकापर्यंत, मधली खंडं सोडून, त्या दरीत हे काम चाललं. कोरणाऱ्याचं नाव राहिलं नाही, तिथे त्याच्या छिन्नीला धार देणाऱ्याचं कुठून राहणार?

दख्खनच्या पोलादाचा लौकिक पुढे फार लांब गेला. आजच्या तेलंगणात, निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. तिथलं पोलाद विकत घ्यायला इराणचे व्यापारी येत. इंग्रज त्याला वूट्झ म्हणत. १८१९ साली लंडनमध्ये मायकेल फॅरडे नावाचा तरुण शास्त्रज्ञ या वूट्झचं रहस्य शोधत होता. विजेच्या शास्त्रात ज्याचं नाव अजरामर झालं तोच हा फॅरडे, आणि तो लोहाराचा मुलगा होता. योगायोग असा, की त्याच १८१९ सालच्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला अजिंठ्याची लेणी दिसली.

धातूला आकार देण्याच्या मुख्य रीती दोन. एक ओतायची, दुसरी कापायची. ओतकामाचा आपल्याकडचा मोठा नमुना म्हणजे मलिक-ए-मैदान तोफ. ती आज विजापूरला आहे, पण ओतली गेली १५४९ साली अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर). मुहम्मद रूमी नावाच्या ओतकाऱ्यानं ती ओतली. वजन सुमारे ५५ टन. तिच्या तोंडाशी जबडा उघडलेला पशू आहे आणि त्याच्या जबड्यात हत्ती चिरडला जातो आहे. दौलताबादच्या किल्ल्यावरची मेंढा तोफही अशीच, तिच्या टोकाला मेंढ्याचं डोकं आहे. म्हणजे शस्त्र करतानासुद्धा कारागिराला केवळ नळी करून चैन पडलेलं नाही.

कापकामाचा नमुना बघायचा तर तो किल्ल्यावर मिळणार नाही. तो मोहरमच्या सवारीत मिळेल. सवारीत जे पंजे निघतात, ज्यांना अलम म्हणतात, ते मुळात धातूचे पत्रे असतात. कुठे हाताच्या पंजाचा आकार, कुठे नालेचा. सोळाव्या-सतराव्या शतकात गोवळकोंड्याला आणि विजापूरला जे अलम घडले त्यांतल्या काहींमध्ये अक्षरं आरपार कापलेली आहेत. पितळेचा किंवा तांब्याचा पत्रा घ्यायचा, त्यावर अक्षरं काढायची, अक्षरांभोवतीची जागा कापून टाकायची आणि अक्षरं तेवढी शिल्लक ठेवायची. मग उजेड पलीकडून आला की नाव हवेत लिहिल्यासारखं दिसतं. आमच्या भागातल्या कितीतरी गावांत सवारीपुढे हिंदू घरंही नारळ ठेवतात, मन्नत बोलतात. तेव्हा हे पत्र्याचं काम कुणा एकाचं नाही, गावाचं आहे.

अक्षरं कापायची म्हटली की एक गंमत होते. मी मराठीत कविता लिहितो आणि घरातल्या वडीलधाऱ्यांमुळे उर्दू अक्षरांची ओळख लहानपणीच झाली, म्हणून ही गंमत मला विशेष वाटते. इंग्रजीत नाव कापलं तर प्रत्येक अक्षर सुटं होतं. पाच अक्षरांचे पाच तुकडे, ते पुन्हा एका पट्टीवर डकवावे लागतात. आपल्या देवनागरीचं तसं नाही. वरची शिरोरेघ सगळ्यांना हातात हात धरून उभं करते. ‘पहूर’ कापलं तर प, हू आणि र एकाच तुकड्यात खाली येतात. बाळबोध लिपीची ही शिरोरेघ फॅब्रिकेशनवाल्याच्या इतकी उपयोगी पडेल असं ती प्रथम ओढणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

पण ‘आनंद’ लिहा. आ, न, द खाली येतात आणि अनुस्वाराचं टिंब निसटून टेबलाच्या जाळीतून खालच्या राखेत पडतं. घरावर पाटी लागते, ‘आनद’. म्हणून टिंब शिरोरेघेला बारीक दांडीनं जोडून घ्यावं लागतं. कारखान्यातली मुलं याला ‘ब्रिज देणं’ म्हणतात. उर्दूत तर बे, पे आणि ते ही तिन्ही अक्षरं एकाच होडीसारखी, फरक फक्त नुक्त्यांचा. नुक्ते पडले की तिन्ही एक झाली. खेचा नुक्ता वरून खाली गेला की ‘खुदा’चा ‘जुदा’ होतो, हे उर्दू शिकणाऱ्या प्रत्येक पोराला सांगितलं जातं. जुन्या अलमांतल्या खुशनवीसांनी यावर तोड काढली होती. एका अक्षराची कमान दुसऱ्यातून अशी न्यायची की नुक्ता कुठे ना कुठे टेकलेला राहील. बघणाऱ्याला ती नक्षी वाटते, पण त्या नक्षीनंच अक्षर सांभाळलेलं असतं.

उलट बाजूनंही अडचण आहे. अक्षरांची भोकं पाडायची असली, म्हणजे पत्र्याचा साचा करायचा असला, की ‘प’च्या पोटातला तुकडा आणि ‘व’च्या गाठीतला गोळा गळून पडतो. खानदेश हा कापसाचा मुलूख. रुईच्या गाठींवर आणि धान्याच्या पोत्यांवर मार्का मारायला असे पत्र्याचे साचे लागत. लहानशा छिन्नीनं ते कापले जात आणि अक्षराच्या पोटातला तुकडा धरून ठेवायला मध्ये पूल सोडलेला असे. पूल सोडायची ती अक्कल आजच्या संगणकावर बसलेल्या मुलालाही लागते. यंत्र ती देत नाही. यंत्राला सांगितलं कापायला की ते कापतं, टिंब पडो की राहो.

आता थोडं यंत्राकडे वळू. लोखंड कापायला लोहाराजवळ काय होतं? छिन्नी, घण आणि तापवलेला लोखंडाचा लालपणा. पुढे हॅक्सॉ आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ॲसिटिलीन आणि ऑक्सिजन यांची ज्योत आली, तिलाच आपण गॅस कटिंग म्हणतो. गॅसची ज्योत लोखंड वितळवून कापते असं पुष्कळांना वाटतं. खरं म्हणजे ती लोखंड जाळते. लोखंड सुमारे नऊशे अंशांवर तापलं आणि त्यावर शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडला की ते लाकडासारखं पेटतं आणि त्याची राख झोतानं उडून जाते. म्हणूनच ही युक्ती साध्या लोखंडावर चालते, स्टेनलेस स्टीलवर आणि ॲल्युमिनियमवर चालत नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळतं, पण त्याच्यावर जी गंजाची साय धरते ती वितळायला दोन हजारांहून जास्त अंश लागतात. ती साय आतल्या धातूला जळू देत नाही.

यावर उपाय निघाला तो विजेतून. १८७९ साली विल्यम क्रुक्स या इंग्रज शास्त्रज्ञानं काचेच्या नळीतल्या विरळ वायूतून वीज सोडून एक चमकणारा पदार्थ पाहिला. त्याच्या मते ती पदार्थाची चौथी अवस्था होती. घन, द्रव, वायू आणि ही चौथी. १९२८ साली अमेरिकेतल्या अर्व्हिंग लँगम्युरनं तिला प्लाझ्मा हे नाव दिलं. आकाशातली वीज हा प्लाझ्माच, सूर्यही प्लाझ्माचाच. दुसऱ्या महायुद्धानंतर वेल्डिंगच्या ज्योतीवर प्रयोग चालू असताना अमेरिकेतल्या युनियन कार्बाइड कंपनीत रॉबर्ट गेज या माणसाच्या ध्यानात आलं, की विजेची ठिणगी आणि वायू जर बारीक तोंडाच्या नळीतून कोंबून बाहेर काढले तर ज्योत सुईसारखी अणकुचीदार होते आणि धातूतून आरपार जाते. १९५७ साली त्याचं पेटंट झालं. या ज्योतीचं तापमान वीस हजार अंशांच्या घरात जातं. वीज वाहून नेणारा कोणताही धातू तिच्यापुढे टिकत नाही. आपल्याकडच्या लहान कारखान्यांत वायू म्हणून साधी हवाच वापरतात, कॉम्प्रेसरची. मात्र ती कोरडी हवी. पावसाळ्यात हवेत ओल आली की नळीचं टोक भराभर खराब होतं. त्या टोकात तांब्याच्या पोटात हाफनियम नावाच्या धातूचा मुगाएवढा खडा बसवलेला असतो. हा धातू १९२३ साली कोपनहेगनमध्ये सापडला आणि त्या शहराच्या जुन्या लॅटिन नावावरून त्याचं नाव पडलं. कोपनहेगनचं नाव असं पाचोऱ्या-जामनेरच्या वर्कशॉपपर्यंत येऊ शकतं.

ही झाली ज्योतीची गोष्ट. नळी आपोआप चालते ती कशी? त्याचं मूळ विणकराच्या मागात आहे. १८०४ साली फ्रान्समध्ये जोसेफ जॅकार्डनं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग केला. भोक असेल तिथे दोरा उचलला जायचा, नसेल तिथे नाही. नक्षी विणकराच्या डोक्यातून पुठ्ठ्यावर उतरली. पुढे जवळजवळ दीडशे वर्षांनी अमेरिकेतल्या जॉन पार्सन्स या कारखानदाराला हेलिकॉप्टरच्या पात्यांचे अवघड बाक अचूक कापायचे होते. त्यानं आकडे देऊन यंत्र चालवायची कल्पना मांडली आणि मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्र संस्थेत १९५२ साली भोकं पाडलेल्या पट्टीवर चालणारं यंत्र लोकांना दाखवण्यात आलं. पट्टी गेली, तिच्या जागी संगणक आला. सीएनसीतला ‘सी’ तो हाच. आज मुलगा पडद्यावर चित्र काढतो, संगणक त्या चित्राचे आकडे करतो, आणि नळी त्या आकड्यांमागे जाते.

यात आपल्या महाराष्ट्राचं कुठे काही नातं आहे का? आहे, आणि ते एका चित्रकला शिकणाऱ्या मुलाचं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ सालचा. त्यांना चित्रकार व्हायचं होतं, म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पण त्यांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते. रंग सुटले, रेघ राहिली. ते यांत्रिक आरेखन शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवूही लागले. पुढे नोकरी सोडून बेळगावला सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमिनीत विष भिनेल, असा शेतकऱ्यांचा समज होता, त्यामुळे सुरुवातीचे नांगर खपता खपेनात. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. तोफेचा नांगर झाला ही गोष्ट लोक कौतुकानं सांगतात. मला त्याच्याइतकीच ही दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते, की महाराष्ट्राचा पहिला मोठा यंत्रकार हा मुळात रेघ ओढायला शिकलेला माणूस होता.

पण नांगर कारखान्यात होऊ लागला तेव्हा गावच्या लोहाराचं काय झालं? बलुत्याच्या काळात वखराची पास, नांगराचा फाळ, विळा, कुऱ्हाड, बैलगाडीच्या चाकाची धाव हे सगळं तो करायचा आणि प्रत्येक वस्तू त्या त्या शेतकऱ्याच्या मापाची असायची. कुणाचा बैल ठेंगणा, कुणाची जमीन चिकण, कुणाची मुरमाड. लोहार ते ध्यानात ठेवून पास कमीजास्त वाकवायचा. कारखान्याचं तत्त्व नेमकं उलट होतं. १८४१ साली इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थनं स्क्रूच्या आट्यांचं एकच माप सगळ्यांनी पाळावं असं सुचवलं. त्याआधी एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसत नसे. सगळीकडे एकच माप, हे यंत्रयुगाचं मोठं बळ होतं. १८६० च्या दशकात रेल्वे भुसावळपर्यंत आली आणि हे एकच माप आपल्या दाराशी आलं. १९१८-१९ च्या सुमारास पाचोरा-जामनेर नॅरोगेज रेल्वे सुरू झाली. तिला आम्ही ‘पीजे’ म्हणायचो आणि ती पहूरवरून जायची. २०२० साली ती थांबली. तिच्या रुळांत दोन फूट सहा इंचांचं अंतर होतं आणि पाचोऱ्यापासून जामनेरपर्यंत ते कुठेही कमीजास्त झालं नसेल. लोहारानं मात्र रेल्वेशीही आपल्या परीनं जमवून घेतलं. रुळाचा भंगारातला तुकडा ही पुष्कळ ठिकाणी त्याची ऐरण झाली.

एकाच मापाच्या या जगात ज्याला वेगळं माप हवं तो अडतो. जुन्या यंत्राचा एक भाग तुटला आणि कंपनीनं तो भाग करणं बंद केलेलं असलं, तर सबंध यंत्र भंगारात जातं. कापसाच्या दोन ओळींतलं अंतर प्रत्येकाचं सारखं नसतं, पण बाजारात मिळणाऱ्या अवजाराची भोकं ठरलेली असतात. इथे हे नवं यंत्र कामाला येतं. शेतकरी तुटलेली पट्टी घेऊन येतो, नसेल तर पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं आकार काढून आणतो. मुलगा माप घेतो, पडद्यावर काढतो आणि एकच नग कापून देतो. हजार नग घेतले तरच करू, असं तो म्हणत नाही. मला यात जुन्या लोहाराची रीत परत आलेली दिसते. ज्याचं माप त्याला, आणि तेही अचूक.

मात्र या अचूकपणाच्याही मर्यादा आहेत. प्लाझ्माची ज्योत नळीतून भोवऱ्यासारखी फिरत बाहेर येते, त्यामुळे तिच्या जाण्याच्या दिशेनं पाहिलं तर उजवीकडची कड सरळ येते आणि डावीकडची जराशी तिरपी. म्हणून बाहेरचा आकार घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं कापायचा आणि आतलं भोक उलट दिशेनं. भोक आधी, बाहेरची कड नंतर, नाहीतर तुकडा हलतो आणि भोक चुकतं. पत्र्याच्या जाडीपेक्षा लहान भोक प्लाझ्मानं पाडू नये, ते ड्रिलनं पाडावं. ज्योतीलाही स्वतःची रुंदी असते, दीड-दोन मिलिमीटर धातू ती खाते, त्याच्या निम्म्यानं रेघ टाकाऊ बाजूला सरकवून ठेवावी लागते. हे सगळं ज्याला माहीत आहे तो आजचा लोहार. त्याच्या हातात घण नाही म्हणून त्याला कारागीर म्हणायला आपण का-कू करू नये.

आणि ज्याला कारागीर म्हणायचं त्याच्या जिवाचीही काळजी करायला हवी. या ज्योतीकडे उघड्या डोळ्यांनी पाहणं वेल्डिंगइतकंच घातक आहे. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा कापताना जो पांढरा धूर निघतो त्यानं अंग मोडून ताप येतो. स्टेनलेसचा धूर तर त्याहून वाईट, त्यातल्या क्रोमियमनं कर्करोगाचा धोका असतो. म्हणून चांगल्या ठिकाणी टेबलाखाली पाणी ठेवतात किंवा धूर ओढून घेणारे पंखे बसवतात. पत्र्याच्या शेडमध्ये, मे महिन्यात, आपल्या जळगावच्या उन्हात तोंडाला नुसता रुमाल बांधून काम करणारी मुलं मी पाहिली आहेत. ज्याच्या फाटकावर सुंदर मोर लागतो त्यानं एकदा विचारावं, हा कापणाऱ्या मुलाला चष्मा आणि मास्क आहे का? गिऱ्हाईक विचारू लागलं की मालक देऊ लागतो.

मोरावरूनच शेवटचा मुद्दा. जळगावपासून धुळ्यापर्यंत जा, फाटकांवर तोच मोर दिसतो. तोच वेलबुट्टीचा कोपरा, तेच झाड, त्याच झाडाखाली तोच बुद्ध. घोड्यावरचे महाराजही तेच आणि कलम्याची पाटीही तीच. कारण संगणकात सगळ्यांकडे त्याच तयार नक्षी असतात. कुणीतरी कुठल्यातरी देशात एकदा चित्र काढलं आणि हजार गावांनी ते कापलं. कापणारं यंत्र प्रत्येकाला वेगळं काही द्यायला तयार आहे आणि आपण त्याच्याकडून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मागतो आहोत. यात यंत्राचा दोष नाही. आपल्याकडे रेघ ओढणारे हात कमी पडले, इतकंच.

वास्तविक आपल्याजवळ काय कमी आहे? अजिंठ्याच्या पहिल्या आणि दुसऱ्या लेण्याच्या छतांकडे मान वर करून बघा. चौकोनाचौकोनांत कमळं आहेत, हंस आहेत, फळं आहेत, एकासारखा दुसरा चौकोन नाही. औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) बीबी का मकबऱ्याच्या दगडी जाळ्या बघा, तिथल्या पितळी पत्र्यानं मढवलेल्या दारावरची फुलं बघा. त्या दारावर बांधणाऱ्यांची नावंही आहेत, अताउल्ला आणि हंसपतराय. एक आराखडा करणारा, दुसरा बांधकाम पाहणारा. सातपुड्यातल्या पावरा बायकांचे चांदीचे दागिने बघा, श्रावणात कानबाईच्या दिवसांत घरोघरी निघणाऱ्या रांगोळ्या बघा. यातली प्रत्येक रेघ लोखंडात उतरू शकते. फक्त कुणीतरी ती आधी कागदावर उतरवायला हवी. टिंब कुठे जोडायचं, पूल कुठे सोडायचा, हे त्याला ठरवावं लागेल. ते ठरवता ठरवताच तो चित्रकार होईल.

देशात आयटीआयची योजना सुरू झाली १९५० साली. तेव्हापासून कितीतरी मुलं तिथे वेल्डर आणि फिटर झाली. या मुलांना यंत्र चालवायला शिकवणं सोपं आहे, ते महिनाभरात येतं. त्यांच्या हातात पेन्सिल द्यायला वेळ लागतो. माझी मागणी एवढीच आहे, की शाळेत चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकू नका. पहूरच्या, शेंदुर्णीच्या, वाकोदच्या शाळेतली मुलं वर्षातून एकदा अजिंठ्याला सहलीला जातातच. तिथे जाताना डब्याबरोबर एक कोरी वही आणि पेन्सिल द्या. छतावरचा एक चौकोन ज्यानं त्यानं आपल्या हातानं काढून आणावा. त्यातलं एखादं कमळ पुढे कुणाच्या तरी फाटकावर लागेल. त्याच्या कोपऱ्यात, अताउल्ला आणि हंसपतराय यांच्यासारखं, काढणाऱ्याचं आणि कापणाऱ्याचं अशी दोन्ही नावं असावीत.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)